जुन्या गाडीचं सनरूफ अडकलंय? मृग लागायच्या आधी एवढं करून बघा

सनरूफवाली जुनी गाडी कोकणात राहिली की एक ना एक दिवस हे होतंच, बटण दाबलं, काच अर्धी मागे गेली आणि तिथेच थांबली, मग पुढे येईना की मागे जाईना. आमच्याकडे हे गेल्या चतुर्थीला झालं. मोठा भाऊ मुंबईहून रात्रभर गाडी चालवत आला, सकाळी हातखंब्याला चहाला थांबला, जरा उघडीप होती म्हणून पोरांनी हट्ट करून सनरूफ उघडायला लावलं आणि ते बंदच होईना. राजापूरच्या आधीच सर आली. कणकवलीपर्यंत वहिनी मागच्या सीटवरून चादर वर धरून बसली होती, धाकटा भिजून कुडकुडत होता. घरी पोचल्यावर मी लगेच पाना घेऊन मोटर खोलायला निघालो तर शेजारचे तात्या छत्री घेऊन आले आणि म्हणाले, "आदी ता बंद कर, मोटार कित्याक खोलतस? काय झाला ता मगे बघूया."

तात्यांचं बरोबर होतं आणि तीच पहिली गोष्ट सांगतो. आधी बंद, मग कारण. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ तुम्हाला दुरुस्तीसाठी दोन तास देईल याचा भरवसा नाही.

बंद कसं करायचं, तर बहुतेक गाड्यांत मोटरच्या टोकाला एलन की, म्हणजे एल आकाराची षटकोनी किल्ली, बसेल असा षटकोनी खड्डा असतो. मोटर सहसा गाडीच्या आतल्या पुढच्या लाइटच्या वर, म्हणजे आरशाजवळ जे दिवा-बटणांचं प्लास्टिक असतं त्याच्या आत असते, काही गाड्यांत ती छताच्या मागच्या बाजूला असते. लाइटची काच किंवा छोटं झाकण प्लास्टिकच्या पट्टीने हळूच उचकटून काढा, स्क्रू ड्रायव्हरने काढलंत तर कापड गुंडाळून काढा नाहीतर कडा तुटतात. किल्ली बऱ्याचदा ४ किंवा ५ मिलिमीटरची लागते, काही गाड्यांत टूलकिटमध्येच ती दिलेली असते आणि आपल्याला दहा वर्षं पत्ताच नसतो. इग्निशन बंद ठेवा, ही एलन की आत घाला, काही मोटरींत जरा वर दाबून धरावी लागते तेव्हा मोटरमधला क्लच सुटतो, मग अर्धा फेरा फिरवून बघा काच कुठल्या दिशेला हलते. पुढे येत असेल तर तसंच हळूहळू फिरवत राहा. अडली तर जोर करू नका, अर्धा फेरा उलटा घ्या, परत पुढे घ्या, एकाने आत किल्ली फिरवायची आणि दुसऱ्याने बाहेरून काचेला दोन्ही बाजूंनी सारखा तळहाताचा आधार द्यायचा. एकाच बाजूला ढकललंत तर काच तिरकी होते आणि मग खरी अडकते. आणि हे चालू असताना पोरांना गाडीत ठेवू नका, फटीत बोटं जातात.

एलन कीचा खड्डाच सापडला नाही तर मोटरचे दोन-तीन स्क्रू काढून मोटर खाली घ्या, बऱ्याच गाड्यांत मोटर बाजूला झाली की काच ओढणाऱ्या केबल मोकळ्या होतात आणि काच हाताने सरकते. फक्त मोटर काढल्यावर तिचा गिअर फिरवायचा नाही, आहे त्या स्थितीत चिकटपट्टी लावून ठेवा, का ते पुढे येईल.

काहीच जमलं नाही आणि पाऊस आहे, तर गाडीला इरलं घाला. जाड प्लास्टिकचा कागद छतावर पसरा, दोन्ही बाजूंनी दारांच्या आत घेऊन दारं लावून घ्या, पुढच्या मागच्या कडेला आधी पेंटरची कागदी मास्किंग टेप आणि तिच्यावर रुंद चिकटपट्टी. थेट रंगावर पॅकिंगची चिकटपट्टी लावली आणि वर दोन दिवस ऊन पडलं की डिंक रंगावर बसतो. असं झाकून हायवेला जोरात जाऊ नका, वारा आत शिरला की प्लास्टिक फाटून उडतं आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जातं.

आता मुख्य मुद्दा. हे मला मनापासून सांगायचंय कारण त्या चतुर्थीनंतर मी भावाची गाडी केली, मग वाडीतल्या आणखी दोन केल्या आणि तिन्हीत मोटर चांगली होती. तिन्ही ठिकाणी "मोटर गेली, अख्खा सेट बदलावा लागेल" असं सांगितलं गेलं होतं, एका गाडीला तर कोणीतरी काचेभोवती फटी बुजवायचं सिलिकॉन मारून ती कायमची बंद केली होती, "गळती थांबली ना, झालं" म्हणून. ते सिलिकॉन म्हणजे गाडीचं नुकसान आहे. सनरूफ पूर्ण वॉटरप्रूफ नसतंच, तसं बनवलेलंच नसतं. काचेच्या कडेचं रबर पाणी अडवतं पण थोडं पाणी आत झिरपणार हे धरूनच काचेखाली चारी बाजूंनी एक ट्रे असतो, त्याच्या कोपऱ्यांना, बहुतेक गाड्यांत चारही, पाइप असतात, पुढचे दोन समोरच्या काचेजवळच्या पिलरमधून उतरून पुढच्या दाराच्या बिजागरीच्या आसपास निघतात, मागचे दोन मागच्या पिलरमधून मागच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या आत. आपल्या कौलारू घरासारखं समजा, रबर म्हणजे कौलं आणि ट्रे म्हणजे पन्हळ. पन्हळीत पातेरा अडकला की पाणी ओटीवर येणारच, कौलांवर कितीही सिमेंट थापा. सिलिकॉन कधी ना कधी कुठेतरी सुटतं, पाणी परत आत जातं, पाइप तुंबलेलाच असतो, आणि आता ट्रे साफ करायला काचही उघडत नाही. मग छताचं कापड, पिलर, कार्पेट, सगळं आतून कुजतं.

म्हणून क्रम असा ठेवा: बंद करणं, मग पाइप, मग रेल (काच ज्यांच्यातून सरकते त्या दोन पट्ट्या), मग वीज, आणि मोटर सगळ्यात शेवटी.

पाइपासाठी लागतं काय तर ग्रासकटरची नायलॉन दोरी. आंबा-काजूची बाग असलेल्या प्रत्येक घरात ती असतेच, २.४ मिलिमीटरची गोल दोरी उत्तम, टोक लायटरने जरा वितळवून गोलसर करा म्हणजे पाइपला आतून ओरखडा जाणार नाही. काच उघडता येत असेल तर उघडा, कोपऱ्यात भोक दिसेल, त्यात दोरी हळूहळू फिरवत घाला. जिथे अडेल तिथे मागेपुढे करा. लोखंडी तार अजिबात नको, पाइप मऊ असतो, भोक पडलं तर पाणी थेट पिलरच्या आत. कंप्रेसरची हवाही नको, आमच्या एका गाडीत हवा मारल्यामुळे पाइप वरच्या नळीवरून निसटला होता आणि तो परत बसवायला छताचं कापड अर्धं खाली घ्यावं लागलं. खालच्या टोकाला बऱ्याच गाड्यांत रबराची चपटी चोच असते, लाल माती तिच्यात जाऊन अशी घट्ट बसते की सिमेंटच वाटावं, ती बोटांनी चुरडून मोकळी करा. मग प्रत्येक कोपऱ्यात पाण्याच्या बाटलीने सावकाश पेलाभर पाणी ओता आणि दुसऱ्याला खाली बघायला सांगा. ओतल्यावर काही सेकंदांत धार दिसली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर अजून तुंबलेलं आहे. गाडी सपाटीवर लावून हे करा, आमच्यासारखं अंगण उतरतं असेल तर गाडी एकदा तोंड वर आणि एकदा तोंड खाली करून दोनदा तपासा.

आपल्याकडे पाइप तुंबतात कशाने हे पण लक्षात ठेवण्यासारखं आहे. आंब्याच्या झाडाखाली गाडी लावायची सवय सगळ्यांनाच, सावली असते. पण मोहोराच्या दिवसात तुडतुडे जो चिकट मधासारखा रस टाकतात तो काचेच्या कडेने आत उतरतो, त्याच्यावर मोहोराची फुलं आणि जांभ्याची धूळ बसते, पुढे काळी बुरशी धरते आणि त्याचा एक घट्ट चिकट राबच तयार होतो. मे महिन्यात तो कडक वाळतो. मग मृगाचा पहिला पाऊस आला की पाणी जायला वाटच नसते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना याच्यात बारीक वाळू आणि खारी हवा वेगळी.

रेलकडे येऊ. काच पूर्ण मागे घेऊन, जमत नसेल तर जेवढी जाते तेवढी, दोन्ही बाजूंच्या रेलमध्ये बघा, काळं झालेलं ग्रीस आणि त्यात रुतलेली वाळू दिसेल. मोटर कमकुवत वाटते ती खरं तर याच्यामुळे. आधी व्हॅक्यूमने कोरडी घाण ओढा, मग जुना टूथब्रश, मग फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, रेल चकचकीत होईपर्यंत. रॉकेल किंवा पेट्रोल नको, रबर फुगतं आणि रंग खराब होतो. खोबरेल तेल पण नको, आपल्याकडे बिजागरीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला तेच घालायची सवय, पण रेलवर ते चिकट होतं आणि धूळ धरतं. गंज सोडवायचा स्प्रे मारून काच सरकली म्हणून खूश होऊ नका, तो जुनं ग्रीस धुऊन टाकतो आणि स्वतः महिनाभरही टिकत नाही. लावायचं ते सिलिकॉन ग्रीस, प्लास्टिक आणि रबराला चालतं असं डब्यावर लिहिलेलं बघून घ्या, बोटाच्या टोकावर येईल एवढंच, पातळ थर. जास्त लावलं तर पुढच्या वर्षी परत तोच राब. रबराला मात्र ग्रीस थापू नका, सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून रबर पुसून घ्या, थेट स्प्रे मारला की तो समोरच्या काचेवर उडतो आणि रात्री पावसात वायपर फिरला की समोरचं काही दिसत नाही.

एवढं करून परत बटण दाबून बघा. माझ्या अनुभवात दोन गाड्या इथेच सुटल्या.

नाही सुटली तर आता ऐका, म्हणजे खरंच कान देऊन ऐका. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, तर बहुधा वीजच पोचत नाहीये. मोटर घूं घूं फिरतेय पण काच हलत नाही, तर गिअरचे दाते गेलेत किंवा केबल सुटलीय. काच हलते पण एक बाजू पुढे एक मागे, तर एका बाजूचा गाइड, म्हणजे काचेला रेलमध्ये धरून सरकणारा प्लास्टिकचा तुकडा, तुटलाय किंवा एक केबल दाते सोडून सरकलीय. काच मागून वर उचलते पण सरकत नाही, तरी बहुधा तो गाइडच. आणि काच बंद होते, लगेच आपोआप परत उघडते, तर बहुधा काहीही तुटलेलं नाही, बोट अडकू नये म्हणून जी सुरक्षा दिलेली असते तिला वाटतंय की मध्ये काहीतरी आहे, म्हणजे रेल अजून घट्ट आहे किंवा मोटरला तिची जागा परत शिकवावी लागेल.

विजेचं सोपं आहे तेवढं घरी करा. आधी बॅटरी बघा, गाडी रात्रभर बंद असताना मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२ च्या खाली असेल तर सनरूफ मध्येच थांबतं आणि दोष उगाच मोटरवर येतो. चतुर्थीला आलेली गाडी परत मे महिन्यापर्यंत खळ्यात उभी राहते, तिची बॅटरी अशीच बसलेली असते. मग फ्यूज, सनरूफचा बहुतेक २० ते ३० अँपिअरचा असतो, झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये नकाशा असतो. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा घालू नका, वायर जळून छताचं कापड पेटू शकतं. परत उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी घासलीय, तिथे थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. फ्यूज चांगला असेल तर मोटरचा कनेक्टर काढून पिना बघा, खाऱ्या हवेने त्यांच्यावर हिरवट थर चढतो, तो कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने काढा, बटणाच्या कनेक्टरचं पण तेच करा. मोटर थेट बॅटरीला जोडून बघायची युक्ती फक्त दोन वायरवाल्या साध्या मोटरला चालते. कनेक्टरला पाच-सहा किंवा जास्त वायरी असतील तर आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे, तिला थेट १२ व्होल्ट दिलेत तर चांगली मोटर तुम्ही स्वतः माराल.

गाइड तुटलाय असं दिसलं तर काच काढावी लागते आणि हे काम दोघांचं आहे. आतला पडदा मागे घ्या, काचेच्या दोन्ही बाजूंची प्लास्टिकची पट्टी काढा, चार ते सहा स्टार स्क्रू दिसतील, बऱ्याचदा टी-२५ चे. स्क्रू काढण्याआधी प्रत्येकाभोवती पेन्सिलने खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा, कारण तिथली भोकं लांबट असतात आणि त्यावरच काचेची उंची ठरते. मग एकाने आतून वर ढकलायची, दुसऱ्याने बाहेरून उचलायची, काच दिसते त्यापेक्षा जड असते, जमिनीवर गोधडी घालून तिच्यावर ठेवा. चिऱ्याच्या गडग्यावर टेकवून ठेवू नका, कडेला बारीक टवका गेला की टफन्ड काच अख्खी फुटते.

तुटलेला गाइड झटपट गोंदाने चिकटवायचा प्रयत्न मी केला, टिकला नाही, ते प्लास्टिकच तसं असतं की गोंद धरत नाही. बऱ्याच मॉडेलसाठी फक्त गाइडची दुरुस्ती किट ऑनलाइन मिळते, पूर्ण सेट घ्यायची गरज नसते. नाहीच मिळाली तर मुंबईत कोणी असेल त्याला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला पाठवा, तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, जुना तुकडा हातात देऊनच पाठवा, फोटोवर डावा-उजवा चुकतो. आम्ही तसंच केलं, तो तुकडा रात्रीच्या लक्झरीने कुडाळला आला.

जोडताना एक गोष्ट चुकली तर सगळी मेहनत जाते. दोन्ही बाजूंच्या केबल एकाच मोटरच्या गिअरवर चालतात, त्यामुळे दोन्हीकडचे गाइड बरोब्बर सारख्या जागी, म्हणजे काच बंद असतानाच्या जागी, पाहिजेत. बहुतेक रेलवर आणि गाइडवर त्यासाठी खूण किंवा खाच असते, ती समोरासमोर आणा. मोटरही बंद स्थितीत आणूनच बसवायची, आणि मघाशी गिअर फिरवू नका म्हटलं ते ती कुठे थांबली होती ते हरवू नये म्हणून. एक दाताही इकडेतिकडे झाला तर काच तिरकी चालणार आणि नवा गाइड पण तोडणार. काच बसवल्यावर स्क्रू आधी हलके लावा, काचेची पुढची कड छतापेक्षा साधारण १ मिलिमीटर खाली आणि मागची तेवढीच वर ठेवा, म्हणजे हायवेला शीळ घातल्यासारखा आवाज येत नाही. मग चारी बाजूंनी रबर आणि छताच्या मध्ये कागदाची पट्टी धरून काच बंद करा आणि पट्टी ओढा, सगळीकडे सारखी जराशी अडखळत आली पाहिजे. जिथे सहज निघाली तिथे पाणी येणार.

शेवटी मोटरला जागा शिकवायची. साधारणपणे इग्निशन चालू करून बंद करायचं बटण दाबून धरायचं, काच स्वतःहून थोडी हलून थांबेपर्यंत, काही गाड्यांत १० सेकंद, काहींत ३०, काहींत काच एकदा पूर्ण उघडून परत मिटते. हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये नेमकं दिलेलं असतं, ते वाचूनच करा, आणि या वेळी बोट अडकण्याची सुरक्षा बंद असू शकते म्हणून कोणाचा हात जवळ नको.

दोन कामं मात्र घरी करू नका. एक, अख्खा ट्रे-रेलचा सेट खाली काढायचा असेल तर छताचं पूर्ण कापड उतरवावं लागतं, आणि ज्या गाडीत पडद्यासारख्या एअरबॅग आहेत तिथे त्या छताच्या कडेलाच असतात. पिलरच्या कव्हरवर एअरबॅग असं लिहिलेलं दिसलं की हात काढून घ्या, तिथे काम करणारा माणूस बॅटरी काढून निदान दहा मिनिटं थांबतो की नाही ते बघा, थांबत नसेल तर दुसऱ्याकडे जा. दोन, छताचा पत्रा ट्रेजवळ गंजून मऊ झाला असेल तर ते डेंटरचं काम.

आत पाणी गेलेलं असेल तर कार्पेट वरून कोरडं लागलं म्हणून सोडू नका. खालचा फोम स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो, काही गाड्यांत सीटखाली वायरींचे जोड आणि कंट्रोल युनिट असतात. पावसाळ्यात तो आपोआप वाळणार नाही. दाराखालच्या पट्ट्या काढून कार्पेट उचला, खाली वर्तमानपत्रं कोंबा, भिजली की बदला, पडवीत गाडी घेऊन टेबल फॅन लावून ठेवा, आम्हाला चार दिवस लागले आणि तेव्हा कुठे तो कुबट वास गेला.

मग चाचणी. बागेच्या पाइपाने छतावर साधी धार दहा मिनिटं सोडा, प्रेशर वॉशर नको, आणि आत बसून पिलरच्या कडेला, लाइटजवळ, पायाशी हात लावून बघा. आम्ही हे केलं तेव्हा भावाचा धाकटा आत बसून ओरडून सांगत होता, "काका, इकडे कोरडं, इकडे पण कोरडं." तात्या बाहेर मागच्या चाकाजवळ वाकून बघत होते, पाइपातून धार लागली तशी त्यांनी नुसता हात वर केला. त्यानंतर मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि दसऱ्याला गाडी धुतो तेव्हा एकदा, चारी कोपऱ्यांत पेलाभर पाणी ओतून खाली धार येते का बघतो, वीस मिनिटांचं काम आहे. आणि मोहोर असेपर्यंत गाडी आंब्याखालून काढून माडाच्या बाजूला, पण नारळ पडणार नाही अशा अंतरावर, लावतो.